उन्हाळी सहल: बसने पाच ठिकाणं की आगगाडीने एक गाव?

प्रेषक: सहल समिती (झ्युरिककर)

नमस्कार मंडळी,

आपल्या स्वित्झर्लंडमधल्या मराठी मंडळाची जुलैची सहल शनिवार २५ तारखेला. यंदा बऱ्याच घरी पुण्या-मुंबईहून आई-वडील आलेले आहेत, त्यामुळे 'आल्प्समधलं एखादं गाव दाखवा' अशी मागणी जोरात आहे. समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत.

एक: टूर कंपनीची बस, गाइडसकट. सकाळी सातला झ्युरिक, मग ल्युसर्न, ब्रुनिग खिंड, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड आणि रात्री परत. दोन: आपण आपले रेल्वेने म्यूरेनला जायचं आणि तिथे दोन-तीन तासांसाठी स्थानिक गाइड घ्यायचा. दुसऱ्यात खटपट जास्त, हे उघड आहे.

मतं कळवा. मागच्या वेळेसारखं 'समिती ठरवेल ते' असं लिहून नंतर कुरकुर करू नका, ही नम्र विनंती.

---

प्रेषक: बाझेलकर

मंडळी,

माझं मत बसला. बहीण आणि मेहुणे नागपूरहून आलेत, दोघंही सत्तरीचे, मेहुण्यांचे गुडघे बोलतात. त्यांना घेऊन तीन-तीनदा गाड्या बदलायच्या म्हणजे सहल कसली, कसरत. बसमध्ये एकदा बसवलं की रात्रीपर्यंत चिंता नाही. गाइड इंग्रजीत माहिती सांगतो, वेळ सांभाळतो, हरवलेल्यांना शोधतो.

उलट मी म्हणतो, आणखी पैसे भरून युंगफ्राउयोख, म्हणजे ते उंचावरचं बर्फातलं रेल्वे स्थानक, तेही घ्या. स्वित्झर्लंडला येऊन बर्फाला हात लावला नाही, तर परत जाऊन सांगायचं काय? शिवाय इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे. आमच्या बहिणीने विमानात बसायच्या आधीच त्याची चौकशी केली होती.

एका गावात जाऊन दिवसभर करणार काय, हेही कुणीतरी सांगा.

---

प्रेषक: बर्नकर

काका, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. बर्नला गाडी बदला, इंटरलाकेन ओस्टला बदला, लाउटरब्रुनेनला केबल कार, वर ग्र्युचआल्पला पुन्हा छोटी गाडी. ज्येष्ठांना दमवणारंच आहे ते.

पण बस जाते कुठे ते बघा. वेंगेन आणि म्यूरेन, दोन्ही गावांत मोटारी नाहीत. बस तिथवर पोहोचूच शकत नाही, ती दरीच्या तळाशी लाउटरब्रुनेनला थांबते. गाइड घड्याळ दाखवून पाऊण तास देतो. त्यातली पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत, दहा मिनिटं कुणाचा तरी नातू सापडेपर्यंत, उरलेल्या वेळात श्टाउबबाख धबधब्यासमोर फोटो, की चला बसमध्ये. डोंगरातलं गाव आपण खालून मान वर करून बघतो आणि पुढच्या तळावर निघतो. माझ्या सासूबाईंना मी एकदा अशाच सहलीला पाठवलं होतं. त्यांनी परत येऊन सांगितलं, 'बस छान होती.'

धबधबा बघण्यासारखा आहे यात वाद नाही. २९७ मीटर उंचीवरून पडणारं पाणी खाली येईपर्यंत वाऱ्याने फुटून नुसते तुषार होतात. १७७९ मध्ये जर्मन कवी गटे इथे आला होता आणि त्यावर कविता लिहून गेला. पण आता तो धबधबा एकटा नाही ना. लाउटरब्रुनेनच्या पूर्ण ग्रामपंचायतीची वस्ती, वेंगेन, म्यूरेन, गिमेलवाल्ड धरून, अडीच हजारांच्या आत आहे, आणि उन्हाळ्यात दुपारी त्या एका रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. दिवसापुरत्या येणाऱ्या गाड्यांना शुल्क लावावं का, यावर गावात चर्चा झाली ती उगीच नाही.

म्यूरेन त्याच दरीच्या कड्यावर आहे, १,६३८ मीटरवर. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ हे तीन डोंगर असे उभे की बाकावर बसलेल्या माणसालाही काही चुकत नाही. ग्र्युचआल्पहून तिथे जाणारी छोटी रेल्वे १८९१ पासून चालू आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ग्र्युचआल्पला उतरून विंटरएगमार्गे चालत यावं. साधारण सव्वा तासाची, जवळजवळ सपाट वाट आहे. बाकीचे गाडीने पुढे जाऊन कॉफी घेतील. म्हणजे मेहुण्यांना एक पाऊल जास्त टाकावं लागणार नाही.

दिवसभर करणार काय, तर जेवण झालं की गिमेलवाल्ड. म्यूरेनहून खाली पक्का रस्ता आहे, अर्धा-पाऊण तास. उतार मात्र पावणेतीनशे मीटरचा, गुडघेवाल्यांनी केबल कारच घ्यावी. या गावात बघायचं म्हणून काही बांधलेलं नाही, आणि मला तेच आवडतं. लाकडी घरं उन्हाने काळी पडलेली, वळचणीला सरपण इतकं काटेकोर रचलेलं की एक ओंडका काढायला जीव होऊ नये. दाराशी फ्रिज ठेवलेला, त्यात चीजचे तुकडे, प्रत्येकावर हाताने लिहिलेली किंमत, शेजारी पैसे टाकायचा डबा. विकणारं माणूस दिसत नाही. ते वर कुरणात असतं, नाहीतर गवत कापत असतं. जुलै म्हणजे गवताचे दिवस. यंत्र जिथे उभं राहत नाही अशा उतारावर माणसं लांब दांड्याच्या विळ्याने कापतात आणि दाताळ्याने ओढून गोळा करतात. मुलांच्या आई-वडिलांनी हे वाचा: ते उभं गवत म्हणजे हिवाळ्याची वैरण आहे. त्यात शिरून फोटो काढणं म्हणजे कुणाच्या तरी भाताच्या खाचरात नाचणं. शेतकरी ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं.

गाई गावात दिसतील ही आशाही सोडा. जूनमध्ये त्या वरच्या कुरणांवर जातात आणि सप्टेंबरात उतरतात. चीजही तिथे वरच बनतं. थुन सरोवराजवळच्या युस्टिसटाल खोऱ्यात तर सप्टेंबरात उन्हाळ्याचं चीज वाटून घ्यायचा समारंभच असतो. ज्याच्या गाईने जितकं दूध दिलं, त्या हिशेबाने त्याला चीजची चाकं मिळतात. वाटेत वासरांसकट गाई भेटल्याच तर लांबून वळसा घाला. हात लावायला जाऊ नका, त्या आपल्याकडच्यासारख्या सोशिक नसतात. आणि फाटक उघडलं तर लावून घ्या.

आता गाइडचं. रेल्वेने जायचं असलं तरी गाइड हवाच, असं माझं ठाम मत आहे, फक्त तो तिथला हवा. वाट दाखवायला नाही, वाटेवर पिवळ्या पाट्या आहेतच. गावाची गोष्ट सांगायला. म्यूरेन-गिमेलवाल्डच्या जुन्या वस्तीत डोंगरापलीकडच्या ल्योचेनटाल खोऱ्यातून हिमनदी ओलांडून आलेली कुटुंबं होती. त्याच ल्योचेनटालमधलं ब्लाटेन गाव २८ मे २०२५ रोजी हिमनदी आणि कडा कोसळून गाडलं गेलं. सुमारे तीनशे गावकऱ्यांना आधीच हलवलं होतं म्हणून वाचले. असल्या डोंगराखाली लोक का राहतात, कधी निघायचं हे कोण ठरवतं, घरावर कर्ज कसं मिळतं, हे झ्युरिकहून झेंडा घेऊन आलेला गाइड सांगणार नाही. जिचं घर तिथे आहे ती सांगेल.

युंगफ्राउयोखबद्दल एकच. ती ३,४५४ मीटरची उंची आहे, हवा विरळ, रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. आणि तिकीट महाग, आधीपासून ठरलेल्या शनिवारी ढग असले तर पैसे धुक्यात. तिथे सकाळी वेबकॅम बघून, आभाळ मोकळं असेल त्या दिवशी आपलं आपण जावं. म्यूरेनला ढग आले तरी गाव तर जागेवर राहतं.

---

प्रेषक: विंटरटूरकर

ताई, आमचं लेकरू दोन वर्षांचं, बाबागाडी आणायची आहे. जमेल? आणि परत येताना ट्र्युमेलबाख धबधबे करता येतील का? बायकोची फार इच्छा आहे.

---

प्रेषक: बर्नकर

म्यूरेन गावात आणि गिमेलवाल्डच्या रस्त्यावर बाबागाडी चालेल. ट्र्युमेलबाखला मात्र चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. आयगर, म्योंख, युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून कोसळतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत बोगद्यातली लिफ्ट, ओल्या पायऱ्या आणि असा आवाज की शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही. तुमच्यापैकी एकाने आत जावं, दुसऱ्याने बाहेर बाळाला धरावं, मग अदलाबदल. जॅकेट घ्या, भर जुलैत आत हुडहुडी भरते.

---

प्रेषक: झुगकर

तिकिटांचं मी बघतो, म्हणून थोडं लिहितो.

ज्यांच्याकडे हाल्बटॅक्स (अर्ध्या तिकिटाचं कार्ड) आहे त्यांनी एक दिवसाचा सवलतीचा पास आत्ताच घ्यावा. तारीख जवळ येते तशी किंमत चढते, आणि आपले लोक आदल्या रात्री जागे होतात. पास म्यूरेनपर्यंत चालतो. सहा वर्षांखालची मुलं फुकट, त्याहून मोठ्या मुलांसाठी ज्युनियर कार्ड (आई-वडिलांबरोबरच्या प्रवासाचं) काढलं नसेल तर काढा. भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तोही म्यूरेनपर्यंत पुरतो. तो आपल्याला, म्हणजे इथे राहणाऱ्यांना, मिळत नाही, तेव्हा विचारू नका. आपण दहापेक्षा जास्त आहोत, त्यामुळे रेल्वेला गट म्हणून आधी कळवणार आहे.

एक फार महत्त्वाचं. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी पुढे त्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. गप्पांच्या नादात अर्धं मंडळ ग्रिंडेलवाल्डला पोहोचलं, तर तेही गाव छान आहे, पण खिचडी दुसऱ्या डब्यात असेल.

---

प्रेषक: बाझेलकर

खिचडीवरून आठवलं. २५ जुलैला आषाढी एकादशी आहे, समितीने पंचांग पाहिलं होतं का? निम्म्या ज्येष्ठांचा उपास असणार. वर डोंगरात त्यांना काय देणार, चीज?

बाकी बर्नकर ताईंच्या पत्राने घरात फूट पडली आहे. मेहुणे म्हणतात, 'मला बाकावर बसून डोंगर बघायचेत, बसमधून नाही.' बहीण अजून पुतळ्यावर ठाम. बहुमत फिरल्यामुळे मी आक्षेप मागे घेतो. पण योखला आम्ही पुढच्या आठवड्यात, आभाळ बघून, आमचे आम्ही जाणार.

---

प्रेषक: बर्नकर

काका, उपासाला चीज चालतं की नाही हे तुमचं तुमच्या घरी ठरवा, पण एरवीच्या शाकाहाऱ्यांनीही विचारून घ्यावं. आल्प्समधलं पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, बांधतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी फ्रिजमधल्या तुकड्यांवर मोहून जाऊ नये. सुपरमार्केटमध्ये शाकाहारी रेनेटचं मिळतं, ते घरून न्या.

---

प्रेषक: सहल समिती (झ्युरिककर)

मंडळी,

ठरलं. रेल्वे, म्यूरेन, गिमेलवाल्ड. तारीख बदलत नाही, पंचांग पाहिलं नव्हतं असं समजू नका, पाहूनच काणाडोळा केला होता.

गिमेलवाल्डमध्ये राहणारी एक बाई दुपारी एक ते तीन आपल्याला गाव दाखवणार आहे, जर्मन आणि इंग्रजीत. मराठीत सांगायला बर्नकर ताई आहेतच. गट दोन: चालणारे ग्र्युचआल्पला उतरतील, बाकीचे थेट म्यूरेन. दुपारनंतर या दिवसांत गडगडाट होतो, तेव्हा चारच्या आत आपण खाली दरीत असू. ट्र्युमेलबाख ऐच्छिक, वेळ उरला तर. पावसाची जॅकेटं, टोपी, चालायचे बूट (चपला नकोत, काकूंनो, खरंच नकोत) आणि पाण्याची बाटली. वर हौदाला पाणी सुरेख असतं. 'पिण्याचं पाणी नाही' अशी पाटी नसेल तर भरून घ्या. अडीअडचणीत हेलिकॉप्टर सेवेचा १४१४ फोनमध्ये साठवून ठेवा.

गाडीत आणि गावात आवाज जरा बेताने. अभंग म्हणायचे असतील तर गिमेलवाल्डच्या खालच्या मळ्याजवळ म्हणू, तिथे घरं नाहीत. बाईंना विचारून ठेवलं आहे, त्या ऐकायला थांबणार आहेत.

साबुदाण्याची खिचडी विंटरटूरच्या मंडळींकडे, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आमच्याकडे. उपास नसलेल्यांनी आपापले डबे आणावेत आणि उपासवाल्यांसमोर बटाटेवडे उघडू नयेत. नावं रविवारपर्यंत.

---

प्रेषक: बाझेलकर

आमची चार नावं लिहा. खिचडीत कोथिंबीर घालणार का? आमच्याकडे उपासाला चालत नाही.

---

प्रेषक: विंटरटूरकर

आमच्याकडे चालते. दोन पातेली करू.