ताकदवान मोटार आणि अरुंद टायर: मुंबईत रुंदीचा आग्रह कितपत योग्य?

लांबपल्ला (दादर)

शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या लहान मोटारी आता मुंबईत सर्रास दिसतात आणि अशी मोटार घेणाऱ्याला पेढ्यांबरोबरच एक सल्लाही हमखास मिळतो: ‘आधी टायर बदला, हे फार बारीक आहेत.’ या सल्ल्याला माझा विरोध आहे.

उदाहरण म्हणून २०१५ साली आलेली दीड लिटर डिझेल इंजिनाची फोर्ड फिगो घेऊ. सुमारे १०० अश्वशक्ती, २१५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आणि टायर १७५/६५ आर १४, म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि धातूची रिम १४ इंची. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात, हे खरे आहे. परंतु त्यावरून टायर अपुरे ठरतात, हे मला मान्य नाही. टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकतो त्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. चाकावर ३०० किलो भार आणि ३३ पीएसआय दाब असेल तर ते सुमारे १३० चौरस सेंटिमीटर भरते, मग टायर १७५ चा असो वा २०५ चा. बदलतो तो या टेकणाऱ्या भागाचा, म्हणजे ठशाचा, आकार: अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा आणि आखूड.

हा फरक मुंबईच्या पावसाळ्यात अरुंद टायरच्या बाजूने जातो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग नासाच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून मांडला होता. तो प्रामुख्याने हवेच्या दाबावर अवलंबून असतो आणि ३३ पीएसआयला ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. पुढच्या संशोधनात ठशाच्या आकाराचाही विचार झाला आणि आडव्या, आखूड ठशाचा टायर कमी वेगातच तरंगतो, असे स्पष्ट झाले. पूर्व द्रुतगती मार्गावर जुलैमध्ये डाव्या मार्गिकेत पाणी साचलेले असताना मला लांबट ठसाच हवा आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. अरुंद टायर आपली मर्यादा जवळ आल्याची वर्दी लवकर देतो आणि सावकाश सुटतो. वेग बेताचा असतानाच स्टिअरिंग हलके पडते, टायर कुरकुरतो आणि सावरायला वेळ मिळतो. रुंद टायर बराच वेळ काहीच सांगत नाही आणि सुटतो तेव्हा वेग फार वाढलेला असतो. टोयोटाने २०१२ साली सुमारे २०० अश्वशक्तीच्या जीटी ८६ या खेळगाडीला २१५/४५ आर १७ मापाचे साधे टायर दिले. इंधन वाचवणाऱ्या प्रियस मोटारीच्या काही आवृत्त्यांवरही तेच टायर येत. मोटारीने आटोक्यातल्या वेगातच चालकाशी बोलावे, यासाठी केलेली ती निवड होती.

खोपोली_पुढे (नवी मुंबई)

आपले भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण ते अर्ध्यावर थांबते. क्षेत्रफळ तेवढेच म्हणजे पकडही तेवढीच, असे रबराच्या बाबतीत होत नाही. रबरावरचा भार जसा वाढतो, तसा त्याचा घर्षणांक (भाराच्या प्रमाणात मिळणारी पकड) घटत जातो. वळणावर मोटारीचे वजन बाहेरच्या बाजूच्या दोन चाकांवर कलते, त्यांच्यावर एकदम जास्त भार येतो आणि नेमक्या त्याच क्षणी अरुंद टायरची अडचण होते. रुंद टायरचा आडवा ठसा वळताना बाजूने येणारा आडवा जोर अधिक चांगला पेलतो. मोटारींच्या शर्यतींतले टायर रुंद होत गेले ते दिखाव्यासाठी नव्हे.

आपण बीएमडब्ल्यू आय ३ चा दाखला द्याल अशी माझी अपेक्षा होती, म्हणून तो मीच देतो. १७० अश्वशक्तीची ही विजेवरची मोटार १५५/७० आर १९ टायरांवर आली आणि उत्तम चालली, पण ती चाकाच्या मोठ्या व्यासामुळे. त्याच कंपनीने पुढे १८४ अश्वशक्तीची आय ३ एस आणली, तेव्हा पुढे १७५ आणि मागे १९५ रुंदीचे टायर दिले. ताकद जेमतेम १४ अश्वशक्तीने वाढली, तरी ज्यांनी मोटार घडवली त्यांनाच रुंदी वाढवावीशी वाटली.

आता मुंबईचे पाहू. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात पुढची गाडी अचानक थांबली तर थांबण्याचे अंतर थेट पकडीवर ठरते. घर्षणांक ०.८ असेल तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ४९ मीटर लागतात, आणि तो ०.६ वर आला तर सुमारे ६६. मधल्या १७ मीटरमध्ये तीन-चार मोटारी उभ्या राहतात. टायर आधी सूचना देतो हे मान्य, पण तेव्हा चालक सूचना ऐकण्याच्या अवस्थेत नसतो. तो फक्त ब्रेक दाबतो. शिल्लक पकडीची गरज कुशल चालकापेक्षा दचकलेल्या चालकाला अधिक असते, आणि आपल्या युक्तिवादात हा माणूस कुठेच नाही.

सफेदकॉलर (मुलुंड)

कायद्याची एक बाजू सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या फेरबदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बरेच कडक वाचले आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीने स्वतः दिलेले माप हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. त्याहून मोठे माप बसवायचे असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारावे, कारण अपघातानंतर सर्वेक्षक टायरचे माप लिहून घेतो.

टायरची गादी (कुर्ला)

माझे दुकान आहे, त्यामुळे रुंद टायर विकण्यात माझा फायदा आहे, हे आधीच सांगतो. तरीही माझे मत रुंदीच्या आग्रहाविरुद्ध आहे.

गिऱ्हाईक येते आणि ‘१९५ टाका’ म्हणते. मी आधी जुना टायर पाहतो. साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, चार आकडी छाप असतो. तो २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी भरपूर शिल्लक असते, पण रबर इतके कडक झालेले असते की नख रुतत नाही. नंतर हवा तपासतो, तर तीन चाकांत वेगवेगळा दाब निघतो. अशा मोटारीचा मालक मला सांगत असतो की टायर बारीक असल्यामुळे गाडी घसरते. त्याच मापाचा, मऊ रबर-मिश्रणाचा, ताजा टायर घातला तर निम्म्याहून अधिक लोकांची तक्रार तिथेच मिटते. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद होतो, पण मुंबईच्या पावसासाठी मी ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगतो, कारण पाणी बाहेर फेकण्याचे काम खाचांची खोली करते.

रुंदी वाढवताना लोक प्रोफाइल, म्हणजे रुंदीच्या टक्क्यांतली साईडवॉलची उंची, विसरतात. १७५/६५ आर १४ चा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर आणि १९५/५५ आर १५ चा सुमारे ५९६, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आसपास, तो चालतो. पण साईडवॉलची उंची ११४ वरून १०७ मिलिमीटरवर येते. त्याच्याही पुढे १६ इंची रिम आणि ५० किंवा ४५ प्रोफाइलवर गेलात, तर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पहिल्या कडेला टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते. आणि मूळच्या अरुंद रिमवरच रुंद टायर ओढून बसवू नका. साईडवॉल बाहेर फुगते, वळणावर लोळते आणि ज्या स्थिरतेसाठी पैसे मोजले तीच जाते.

वाफेचे_दिवस (गिरगाव)

अरुंद टायरवर अफाट ताकद ही काही नवी गोष्ट नव्हे. १९३६ सालच्या ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरी शर्यतीच्या मोटारीत पाचशेहून अधिक अश्वशक्ती होती आणि टायर आजच्या डोळ्यांना सडपातळच दिसतात. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही तिची मागची चाके जागच्या जागी फिरवता येत. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप २६५ अश्वशक्तीच्या दाव्यासह ६.४० इंच मापाच्या टायरांवर विकली गेली. त्या काळच्या चालकाचा उजवा पाय तयार झालेला असे, कारण मोटार त्याला दुसरा पर्याय देत नसे. आज आपण ती जबाबदारी टायरच्या रुंदीवर टाकत आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खोपोली_पुढे (नवी मुंबई)

आपल्या भावनेचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. ऑटो युनियनच्या लोकांनाही ते टायर पुरेसे वाटत नव्हते. डोंगरचढणीच्या शर्यतीत ते मागे दोन्ही बाजूंना जोडचाके लावत. शिवाय ज्या काळात चालकाचा पाय तयार होत असे, त्याच काळात शर्यतींमध्ये चालक मोठ्या संख्येने मरतही असत. रोजच्या शहरी वाहतुकीसाठी ती कसोटी मी स्वीकारणार नाही.

गादीवाल्यांचे म्हणणे मात्र मला पटते. मी ०.८ आणि ०.६ असे जे घर्षणांक घेतले, त्यांतला फरक बहुतांशी रबराच्या मिश्रणाचा, वयाचा आणि ओल्या रस्त्याचा आहे. रुंदीचा वाटा त्यात लहान आहे. माझा आक्षेप आता अधिक नेमका करतो. कंपन्या स्वस्त, टिकाऊ आणि मायलेज वाढवणारे कडक रबर देतात आणि वर मापही लहान देतात. विजेवरच्या गाड्यांत हे जास्त जाणवते. वजन अधिक, टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण, आणि टायर मात्र बॅटरी वाचवण्यासाठी निवडलेले. ग्राहकाला दोन्हींपैकी एक तरी नीट मिळाले पाहिजे.

लांबपल्ला (दादर)

कडक रबराबद्दल मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. जीटी ८६ चीच पुढची पिढी, जीआर ८६, इथे उपयोगी पडते. इंजिन २.४ लिटरचे झाले, ताकद वाढली आणि वरच्या आवृत्तीला १८ इंची चाके आली. तरीही टायरची रुंदी २१५ च राहिली. बदलली ती टायरची जात: साध्या टायरऐवजी खेळगाडीचा, अधिक पकडणारा टायर आला. अभियंत्यांनी पकड वाढवली आणि रुंदीला हात लावला नाही, म्हणजे रुंदी हा शेवटचा उपाय ठरतो, पहिला नव्हे.

दचकलेल्या चालकाचा मुद्दा मी टाळणार नाही. त्याच्यासाठी एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, आणि मोटार आडवी होऊ लागली तर स्थिरता नियंत्रण आहे. या यंत्रणा टायर जेवढी पकड देईल तेवढ्यावरच काम करतात, हे खरे. पण सागरी किनारा मार्गावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी वेगमर्यादा आहे, आणि तिच्या आत ताजा १७५ चा टायर कोरड्यात किंवा ओल्यात अपुरा पडतो असे मला वाटत नाही. जो माणूस तिथे १२० ने जातो, त्याला १९५ देऊन आपण त्याला १३० ची परवानगी देतो.

खोपोली_पुढे (नवी मुंबई)

शेवटचे वाक्य मला मान्य नाही. रुंद टायर घेणारा प्रत्येक जण वेग वाढवतो, असे गृहीत धरता येत नाही. मी आठवड्यातून अनेकदा द्रुतगती महामार्गाने पुण्याला जातो, मर्यादेत जातो, आणि घाटात पुढे ट्रकने अचानक मार्गिका बदलली तर मला आडवा जोर लागतो. तिथे मी १९५ च घेईन, मात्र वरच्या आवृत्तीचे माप, योग्य रिम आणि चांगले मिश्रण पाहून. केवळ शहरात फिरणाऱ्याने मूळ मापातच उत्तम टायर घ्यावा, एवढे मी आपल्याला देतो.

टायरची गादी (कुर्ला)

दोघांनाही एक विनंती. खर्च वाचवण्यासाठी अनेक जण दोनच नवे टायर घेतात आणि ताकद पुढच्या चाकांना जाते म्हणून ते पुढे लावायला सांगतात. ते मागे लावा. पुढची चाके सुटली तर मोटार सरळ जाऊ पाहते आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली तर ती भोवऱ्यासारखी फिरते, आणि ओल्या उड्डाणपुलाच्या वळणावर तिला सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. माप १७५ असो वा १९५, चारही टायर एकाच जातीचे असावेत आणि हवा महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना तपासावी.