मदत हवी आहे: कागदावर 'आरपीई ८' लिहिलंय म्हणजे नक्की किती दमायचं?

नमस्कार मंडळी, सव्वा महिना झाला जिम लावून, वय ४३, त्याआधी व्यायामाशी संबंध शाळेतल्या कवायतीपुरता. ट्रेनरने पहिल्याच दिवशी एक कागद भरून दिला आणि तो डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा अवघड निघाला. पहिली ओळ जशीच्या तशी देते:

स्क्वॉट ३×१२, टेम्पो ३-१-१, आरपीई ८, रेस्ट ९०

३×१२ बघून मी पहिल्या दिवशी तीन-तीन बैठका बारा वेळा मारल्या. मग शेजारच्या बाईंनी सांगितलं की अगं तीन सेट, प्रत्येकात १२ रेप. एकदा खाली जाऊन वर आलं की एक रेप, तसे सलग १२ झाले की एक सेट, मग ९० सेकंद बसायचं, इथवर आलेय. ड्रॉप सेटचं तर विचारूच नका, मला वाटलं शेवटी डंबेल खाली टाकायचे, टाकले, अख्खी जिम वळून बघायला लागली. (वजन कमी करून न थांबता तोच व्यायाम पुढे चालू ठेवायचा असतो, माझ्यासारखं अजून कोणी असेल तर.)

खरा घोळ आरपीईचा आहे. ट्रेडमिलसमोर भिंतीवर एक तक्ता आहे, वर आरपीई असंच लिहिलंय आणि आकडे ६ ते २०. ९ समोर 'खूप हलकं', १३ समोर 'जरा जड', १७ समोर 'खूप जड'. माझे ८ म्हणजे खूप हलक्याच्याही खाली, म्हणून मी आपली दोन-दोन किलोचे डंबेल घेऊन निवांत करतेय, घामसुद्धा येत नाही. आणि काल ट्रेनर म्हणतो, मॅडम तुम्ही जोरच लावत नाही! आता कागदाबरहुकूम करतेय तर अजून काय करू? त्याला काही विचारलं की तो अजून दोन नवे शब्द फेकतो, काल 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' आणि 'फेल्युअर', दुसरा ऐकून वाटलं मी नापास झाले. आणि तो तक्ता ६ पासूनच का सुरू होतो, १ ने काय घोडं मारलंय? जाणकारांनी प्लीज सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद १
ताई, तुमची चूक नाही. आरपीई म्हणजे 'रेटिंग ऑफ पर्सीव्ह्ड एक्झर्शन', किती जोर लागतोय याचा आपणच द्यायचा आकडा, आणि दोन वेगवेगळ्या पट्ट्यांना हे एकच नाव आहे. भिंतीवरची पट्टी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची, मुख्यतः कार्डिओसाठी, म्हणजे धावणं-सायकलसारख्या दम लागणाऱ्या व्यायामासाठी. ६ पासून सुरू कारण आकड्याला १० ने गुणलं की साधारण हार्ट रेट यावा असा हिशोब, शांत बसलेल्या माणसाचे ठोके ६० धरले की ६, आणि २० म्हणजे २००. अंदाजच आहे, वयाप्रमाणे बदलतो.

वजनं उचलणारे वापरतात ती पट्टी १ ते १०. तिच्यात सेट संपल्यावर 'अजून किती जमले असते' ते बघायचं. १० म्हणजे पुढचा एकही रेप निघाला नसता, ९ म्हणजे एक शिल्लक, ८ म्हणजे दोन. तुमचा बारावा रेप झाल्यावर अजून दोनच निघाले असते इतकं वजन हवं. पाच-सहा निघत असतील तर हलकं आहे, थोडं वाढवा. हळूहळू वजन किंवा रेप वाढवत नेणं हाच तो प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड. फेल्युअर म्हणजे नीट फॉर्म ठेवून पुढचा रेप निघतच नाही ती वेळ, नवख्यांनी तिकडे जायची गरज नाही.

प्रतिसाद २
टेम्पो राहिला की. ३ सेकंदात खाली, १ सेकंद तळाशी थांबायचं, १ सेकंदात वर. हे पाळलंत तर तेच वजन दुप्पट वाटेल, त्यामुळे एकदम मोठी उडी मारू नका.

मूळ धागाकर्ती
बापरे, म्हणजे इतके दिवस मी डंबेलना फिरायला नेत होते! परवा आठ-आठ किलोचे घेतले, दहाव्या रेपला पाय थरथरायला लागले, बारा कसेबसे झाले, अजून दोन निघाले असते असं वाटलं. पण काल ठीक होतं आणि आज जिना उतरताना कठड्याला धरून उतरतेय. काही मोडलं तर नाही ना?

प्रतिसाद १
याला डॉम्स म्हणतात, उशिरा येणारी स्नायूदुखी. साधारण २४ ते ७२ तासांत जास्त जाणवते, नवीन किंवा वाढलेल्या व्यायामानंतर येतेच, त्यात सावकाश खाली जाणं जास्त दुखवतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं म्हणून दुखतं असं कोणी सांगेल, ते नाही, ते तासाभरात निवळतं. थोडं चाला, बरं वाटेल. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, खूप सूज आली किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र लगेच डॉक्टर.

मूळ धागाकर्ती
तसलं काही नाही, नुसत्या मांड्या बोंबलतायत. धन्यवाद! ट्रेनरला तो तक्ता दाखवला. म्हणाला, मॅडम हा मी यायच्या आधीपासून इथे आहे, मी कधी वाचलाच नाही.