ड्रग कँडिडेट: उमेदवार म्हणावं की इच्छुक?

राजारामपुरीकर:
एका शब्दावर अडलंय. भाची बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते. विज्ञान दिनाला गावाकडच्या शाळेत लावायला तिच्या प्रोजेक्टचा तक्ता मी मराठीत करून देतेय. काम असं: शरीरातल्या एका प्रथिनाचा आकार संगणकात घ्यायचा, त्यातली खोबण हेरायची आणि औषधी वनस्पतींमधले हजारो रेणू एकेक करून त्या खोबणीत बसवून बघायचे. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचा 'इम्पॅट' नावाचा संग्रह आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत. चाळून चाळून शेवटी जे वीस-पंचवीस उरतात, त्यांना ती 'ड्रग कँडिडेट' म्हणते. मी 'औषध-उमेदवार' लिहिलं. सासरे म्हणाले, खोड ते, उमेदवार हा माणूसच असतो. तुम्ही काय लिहिलं असतं?
आणखी एक. 'लीड कंपाउंड', म्हणजे ज्याच्यावरून पुढे औषध घडवायचं तो रेणू, त्याचं फोनने 'शिसे संयुग' करून दिलंय.

वैद्य_नागाळा पार्क:
ताई, ते 'शिसे संयुग' आधी पुसा. इंग्रजीत शिसं आणि पुढे नेणं, दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहितात, म्हणून हा घोळ. पण आयुर्वेदात शिसं म्हणजे नाग, आणि नागभस्म खरोखरच आहे. वनौषधीच्या तक्त्यावर 'शिसे' वाचून कुणाला शंकासुद्धा येणार नाही. लोक खरंच धरून चालतील.

शुद्धलेखनी:
'उमेदवार' फारसी आहे. 'औषधार्ह रेणू' लिहा. नेमका, छोटा आणि आपला.

लेथवाला_उद्यमनगर:
फारसी असू दे की. आमच्या वडलांनी उद्यमनगरात एका मेस्त्रीकडं तीन वर्षं उमेदवारी केली. लेथ पुसायचं, कीस गोळा करायचा, चहा आणायचा. मग एक दिवस मेस्त्री म्हणाला, आता हा जॉब तू लाव. वडील ते सांगताना अजून ताठ बसतात. आयटीआयच्या कागदावर आजही 'शिकाऊ उमेदवार'च छापतात. उमेद धरून उभा हाय, पण अजून कारागीर झालेला न्हाई, तो उमेदवार. ताईंच्या रेणूचं तेच चाललंय. 'खोबण' मात्र झकास लिवलंय. डॉकिंगला, म्हंजे रेणू खोबणीत बसवून बघण्याला, 'बसवणी' म्हणा, आमच्याकडं बेअरिंगची बसवणीच असते.

शुद्धलेखनी:
दादा, तुमच्या वडलांच्या पिढीला तो अर्थ माहीत. शाळेतल्या मुलांना 'उमेदवार' म्हटलं की बॅनरच आठवणार.

भवानीमंडप:
'औषधार्ह' इथं चुकतंय. अर्ह म्हणजे पात्र. ज्याची पात्रता अजून ठरायचीय त्याला आधीच पात्र म्हणून टाकलंत. आणि बॅनर आठवला तर आठवू दे, त्यातूनच नेमका शब्द मिळतो. महापालिकेचं तिकीट मिळेपर्यंत सगळे 'इच्छुक' असतात. तिकीट मिळून अर्ज भरला की 'उमेदवार'. हा फरक कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतो. संगणकातून निघालेले ते वीस-पंचवीस इच्छुक आहेत.

सागरमाळ_रसायन:
मी हेच काम करते. भवानीमंडप यांनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलंय. आमच्यात संगणकातून निघतो तो 'हिट'. 'कँडिडेट' खूप पुढचा, माणसांवर चाचणी करायला निवडलेला. तेव्हा हिटला इच्छुक आणि कँडिडेटला उमेदवार, मला पटलं.
तक्ता करताना एक सांभाळा. बसवणीनंतर एक आकडा येतो, उणे नऊ, उणे दहा असा, किलोकॅलरीत. जितका खाली तितकी पकड घट्ट, असा अंदाज. पडद्यावर रेणू फिरवताना त्याचा एखादा ऑक्सिजन प्रथिनातल्या हायड्रोजनकडे तोंड करून बसलेला दिसतो, मध्ये तुटक रेघ उमटते, आणि जीव हरखतो. माझा अजूनही हरखतो. पण रेणू पाण्यात विरघळेल का, यकृत त्याचं काय करेल, हे त्या रेघेत नसतं. हळदीतलं कर्क्युमिन घ्या. कितीतरी प्रथिनांवर त्याचा आकडा चांगला येतो, परीक्षानळीतही ते भल्याभल्यांना फसवतं, आणि पोटातून रक्तात मात्र फार थोडं उतरतं. म्हणून 'औषध सापडलं' असं कुठंही लिहू नका.
'लीड'ला मी 'वाटाड्या' म्हणते. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात मिळणारं कॅम्प्टोथेसिन आठवा, कर्करोगावर चालणारा रेणू. १९६६ साली मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत ते आधी दुसऱ्याच, एका चिनी झाडातून काढलं. वाणी आपल्या नंदुरबारचे. मूळ रेणू रुग्णांना सोसला नाही, मूत्राशयाला इजा व्हायला लागली, चाचण्या थांबल्या. मग त्याच्यात फेरफार करून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली. मूळ रेणू स्वतः पोचला नाही, वाट त्याने दाखवली.

शुद्धलेखनी:
'वाटाड्या' सुंदर आहे, मान्य. 'इच्छुक' नाही. रेणूला कसली इच्छा?

लेथवाला_उद्यमनगर:
मग उमेद तरी कुठं असते त्याला? उमेद आपली.

आंबाघाट:
नरक्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आंबा घाटाच्या जंगलात मी ही झाडं बघितलीत. फुलोरा आला की जवळ उभं राहवत नाही. त्या वासावरूनच 'नरक्या', नरकावरून. काही जण 'घाणेरा'ही म्हणतात. जुनं शास्त्रीय नावही 'फीटिडा', म्हणजे दुर्गंधी. एका वळणावर पाच बुंधे गुडघ्याएवढे तोडलेले होते, भुसा अजून ओला. हे लाकूड चोरून बाहेर जातं ते त्या कॅम्प्टोथेसिनसाठीच. तोडणाऱ्याला रेणू माहीत नसतो, किलोचा भाव माहीत असतो.

भवानीमंडप:
नरकावरून कशाला? 'नर' म्हणून एखादं जुनं रूप असेल. आणि घाणेरी म्हणजे तर टणटणी.

आंबाघाट:
घाणेरी वेगळी, घाणेरा वेगळा. आजोबा नरकच सांगायचे.

वैद्य_नागाळा पार्क:
व्युत्पत्ती राहू द्या, इथं एक धोका आहे. नरक्याला आपल्याकडे 'अमृता'ही म्हणतात. आणि संस्कृतात अमृता म्हणजे गुळवेल, माझ्याकडे रोज लागते ती. ब्राह्मीचंही तसंच, कुणी बाकोपा देतो, कुणी मंडूकपर्णी. शंखपुष्पी म्हणून तर तीन-चार वेगळ्या वनस्पती बाजारात येतात. रेणू संगणकात घालायच्या आधी कुणीतरी हाताने नावं लिहिलेली असतात. तिथं 'अमृता' एवढंच असेल, तर नरक्यातला विषारी रेणू गुळवेलीच्या नावावर चढेल, आणि पुढची सगळी बसवणी अचूक होऊनही झाड चुकीचंच राहील.

सागरमाळ_रसायन:
सर, हे खरं आहे. मी स्वतः ब्राह्मीत फसलेय. दोन महिन्यांचं काम पुन्हा केलं.

शुद्धलेखनी:
म्हणूनच मी प्रमाण शब्दांचा आग्रह धरतो.

आंबाघाट:
प्रमाण कुणाचं धरायचं? जंगलातलं का ग्रंथातलं?

राजारामपुरीकर:
भाचीला आत्ताच फोन केला. तिच्या यादीत 'अमृता' एकदाच आहे, पुढे शास्त्रीय नाव नाही, आणि नाव कुणी भरलं ते तिलाही आठवत नाही. छपाई थांबवली. उमेदवाराचं उद्या बघते.