मदत हवी आहे: पाच घरं, सहा मुलं, सकाळच्या अभ्यासगटाचा खर्च कसा वाटायचा? (ठाणे)

कोलशेतवासी
आमच्या सोसायटीतली पाच घरं मिळून जूनपासून छोटा अभ्यासगट सुरू करतोय. मुलं सहा, त्यातली दोघं सख्खी भावंडं. सगळी दुसरी ते चौथीतली, शाळा दुपारची. गट सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठ ते अकरा, एकाच घरी. बाईंचं मानधन १८,००० ठरतंय. त्या कळव्याहून येणार म्हणून प्रवासाचे १,५००, आणि खोली आवरणाऱ्या मावशींचे १,५००. बाई सध्या एका शाळेत दुपारच्या सत्रात नोकरीला आहेत.

अडलंय ते असं: वाटणी घरटी करायची की मुलामागे? ज्यांचं घर वापरणार त्यांना काय द्यायचं? मध्येच कुणी सोडलं तर? सगळे शेजारी आहेत, पैशांवरून संबंध बिघडायला नकोत. कृपया नेमकं सांगा.

जमाखर्च
आधी एक गोष्ट पक्की करा: पैसे जागेचे (एका मुलाची एक जागा) घ्यायचे, हजेरीचे नाहीत. मूल आठ दिवस गावी गेलं म्हणून बाईंचं मानधन कमी होत नाही. हजेरीवर हिशेब लावला की गणपतीत आणि दिवाळीत निम्मी मुलं गायब होतात आणि उरलेल्यांच्या माथी सगळा खर्च येतो. असे गट बहुतेक इथेच मोडतात.

तुमचा ठरलेला खर्च २१,०००. सहा जागा, म्हणजे जागेला ३,५००. वह्या, रंग, झेरॉक्स हा वापराचा खर्च वेगळा ठेवा. तो महिनाअखेरी बिलं बघून मुलांच्या संख्येने भागा. खाऊ गटाच्या हिशेबात आणूच नका, डबा घरचा.

आता सोडून जाण्याबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. भावंडांचं घर बाहेर पडलं तर २१,००० चार जागांवर येतात: ५,२५०. एका महिन्यात दीडपट. बाकीच्यांना ते झेपत नाही, मग दुसरं घर निघतं आणि गट संपतो. म्हणून सुरुवातीलाच जागेमागे दोन महिन्यांची अनामत घ्या, ७,०००. सोडायचं तर दोन महिने आधी सांगायचं. सांगितलं तर अनामत शेवटच्या दोन महिन्यांत वळती होते, न सांगता सोडलं तर गटाकडे राहते. भावंडांच्या घराची अनामत १४,०००, त्यांच्या जाण्याने पडणारा खड्डा महिन्याला ७,०००. म्हणजे नवीन मूल शोधायला बरोबर दोन महिने मिळतात. ही रक्कम खर्चाला वापरायची नाही, कितीही अडचण असली तरी.

मे महिन्याचंही आत्ताच बोला. बाईंना मेमध्ये काहीच दिलं नाही तर जूनला त्या दुसरीकडे गेलेल्या असतात. अर्धं मानधन, ९,००० द्या. जागेमागे १,५०० होतात. ते जून ते मार्च दरमहा १५० जादा घेऊन जमवा. एप्रिलअखेर एकदम मागितले तर उत्तर येतं, ‘सुट्टीत मुलं येणारच नाहीत, मग कशाचे?’

सव्वा_एक
भावंडांबद्दल माझं मत थोडं वेगळं. दुसऱ्या भावंडाची पाऊण जागा धरा. मग पावणेसहा जागा होतात: पूर्ण जागेला सुमारे ३,६५०, पाऊण जागेला सुमारे २,७४०. बाकीच्या घरांना १५० जास्त, त्या घराला ६०० च्या आसपास कमी. सर्वात जास्त पैसे भरणारं घर टिकून राहण्यासाठी एवढं करायला हरकत नाही.

जमाखर्च
चालेल, पण चौघांनी आनंदाने मान्य केलं तरच. बाईंचं लक्ष, वही तपासणं, बसायची जागा, सगळं दुसऱ्या मुलालाही पूर्णच लागतं. आणि पाऊण जागा दिलीत तर अनामतही पाऊण होते, तेव्हा वरचा दोन महिन्यांचा हिशेब पुन्हा करून बघा.

मीटर_रीडिंग
घर देणाऱ्यांबद्दल. भाडं देऊ नका. भाडं म्हटलं की सोसायटीच्या कमिटीला व्यावसायिक वापराचा मुद्दा मिळतो, आणि घरमालकाला वाटतं की आता टीव्हीही लावायचा नाही. झालेला खर्च भरून द्या, तो मात्र मोजून.

वीज हा त्यातला सगळ्यात चुकणारा भाग. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला साधारण एक युनिट खातो. अडीच तास, २२ दिवस, म्हणजे ५५ युनिट. दोन पंखे, दिवे धरून ६५. लोक बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट करून सरासरी दराने पैसे देतात. तिथे घरमालकाचं नुकसान होतं, कारण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. घराचा स्वतःचा वापर २७० असेल तर गटामुळे तो ३३५ होतो. तुमच्या ६५ पैकी ३० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि ३५ तिसऱ्या, महाग टप्प्यात पडतात. हे वरचे युनिट गटामुळेच चढले, म्हणून त्याच दराने द्यायचे. त्यावर प्रति युनिट वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क धरा. स्थिर आकार धरू नका, तो गट नसता तरी लागलाच असता.

एसीच्या प्लगला युनिट मोजणारं छोटं मीटर लावा, १६ अँपिअरचंच घ्या. सहा अँपिअरचं तापतं. मार्च ते जून रीडिंग घ्या. पावसाळ्यात आणि थंडीत पंख्यावर भागतं, तेव्हा ठोक १०० रुपये ठेवलेत तरी पुरे.

आठवड्याला घर बदलायचा विचार असेल तर सोडून द्या. फळा, पेटी, पुस्तकं वाहून नेण्यात अर्धं साहित्य हरवतं. बदलायचंच असेल तर सत्र संपल्यावर.

खडू_फळा
मूळ प्रश्नातलं एक वाक्य कुणी उचललं नाही. बाई शाळेत नोकरीला आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८: शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. तक्रार झाली तर अडचणीत बाई येतात, तुम्ही नाही. त्यांना या पेचात टाकू नका. निवृत्त शिक्षिका बघा, किंवा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) झालेल्या पण सध्या नोकरीत नसलेल्या. आणि हो, शाळेच्या ट्यूशन फीवर जुन्या कररचनेत मिळणारी वजावट या पैशांवर मिळत नाही. काही पालक ती धरून खर्च मान्य करतात, आधीच सांगून ठेवा.

रजेचं: महिन्याला एक भरपगारी रजा, पुढची असल्यास १८,००० भागिले २२, म्हणजे दिवसाला साधारण ८२० वजा किंवा शनिवारी तास भरून. अतिवृष्टीमुळे जिल्हा प्रशासनाने शाळांना सुट्टी दिली तर गटालाही सुट्टी, आणि त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. कळवा ते कोलशेत त्या पावसात यायला कुणाला सांगणार?

कोलशेतवासी
कलम २८ माहीत नव्हतं. बाईंशी आजच बोलते. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त बाई आहेत, त्यांना विचारते, प्रवासखर्चही वाचेल. दोन शंका उरल्या. पैसे कुणाच्या खात्यात ठेवायचे? आणि फळा, पुस्तकं, टेबलं यांवर सुरुवातीला ९,००० लागणार आहेत, ते मध्येच आलेल्या मुलाकडून कसे घ्यायचे?

जमाखर्च
प्रवासाचे १,५०० गेले तर ठरलेला खर्च १९,५००, जागा ३,२५० ला पडेल. अनामतही त्याच हिशेबाने, ६,५००.

दोन वेगवेगळ्या घरांतल्या पालकांचं संयुक्त बचत खातं उघडा, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं. कुणाच्या पगाराच्या खात्यात ठेवू नका. अनामत आणि घरखर्च एकत्र झाले की सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही कुठले किती. पालकांनी १ ते ५ तारखेत भरायचे, बाईंना ७ ला द्यायचे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने महिन्याला ताळा बघायचा. नोंद सगळ्यांना दिसेल अशा शीटमध्ये ठेवा.

साहित्याचे जागेमागे १,५०० होतात. आयुष्य तीन वर्षं धरा, वर्षाला ५०० घट. एका वर्षानंतर येणाऱ्याने १,००० भरायचे, दोन वर्षांनंतर ५००. सोडणाऱ्याला हीच घटलेली रक्कम परत, पण त्याच्या जागी नवीन मूल येऊन पैसे भरेल तेव्हाच. गटाने खिशातून द्यायची नाही. हरवलेलं पुस्तक ज्याच्याकडून हरवलं त्याने आणून द्यायचं, छापील किमतीचं.

हे सगळं एका पानावर लिहून पाचही घरांच्या सह्या घ्या, अनामत गोळा करायच्या आधी.