मदत हवी आहे: तबल्याची शिष्यवृत्ती, १० मिनिटांचं सोलो आणि गुरूंचं प्रमाणपत्र (नाशिक)

सुईदोरा:

नमस्कार मंडळी. इथे तबला वाजवणारे, शिकवणारे बरेच जण आहेत असं दिसलं, म्हणून धागा काढतेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझी मुलगी १९ वर्षांची, नाशकात एसवायबीएला आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते ना, १८ ते २५ वयाच्या मुलामुलींना महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, त्यासाठी ती अर्ज करतेय. निवड सीसीआरटीमार्फत (मंत्रालयाच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रामार्फत) होते. तिचे बाबा अंबडला कंपनीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी दायाची (उजव्या हाताच्या तबल्याची) शाई उडाली तेव्हा नवीन पुडी (वरचं चामडं) बसवायला आम्ही दीड महिना थांबलो होतो आणि तेवढे दिवस पोरगी मांडीवर बोल वाजवत बसायची. त्यामुळे या ५,००० चं मोल काय ते वेगळं सांगायला नको.

अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षं शिक्षण झालेलं हवं, आणि तसं सध्याच्या गुरूंच्या सहीचं प्रमाणपत्र जोडायचं आहे. आत्ताच्या सरांकडे तिला साडेतीनच वर्षं झालीत. त्याआधीची सहा वर्षं ती ओझरला अण्णांकडे शिकली. आम्ही तेव्हा तिथे भाड्याने राहायचो. अण्णा भजनी मंडळात पखवाज आणि तबला वाजवायचे. त्यांनी स्वतः कधी परीक्षा दिली नाही, पण आमच्या गल्लीतल्या चार पोरांना एसटीने नाशिकला परीक्षेच्या केंद्रावर घेऊन यायचे, डबासुद्धा त्यांच्याच घरचा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण तिने अण्णांच्या हाताखाली दिल्या. फी म्हणून त्यांनी कधी एक पैसा घेतला नाही.

‘ना’ वाजवताना लहान मुलांची अनामिका वर उचलली जाते. अण्णा समोर बसून आपल्या अंगठ्याने तिचं ते बोट शाईच्या कडेला हलकेच धरून ठेवायचे, आणि दुसऱ्या हाताने मांडीवर टाळी देत राहायचे. किती दिवस ते असं करत होते, आठवत नाही. आजही तिचा ‘ना’ ऐकला की मला तो अंगठा दिसतो.

२०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, अण्णा गेले. आता त्या सहा वर्षांवर सही कोण करणार? सर म्हणतात, जी वर्षं माझ्याकडे झाली नाहीत ती मी माझ्याकडची म्हणून कशी लिहू? त्यांचं बरोबरच आहे, मलाही खोटं काही नको आहे.

दुसरी गोष्ट अशी, की मागच्या वर्षी एका कॉलेजच्या कला शिष्यवृत्तीसाठी ऑडिशन दिली होती. सांगितलं १० मिनिटं. हिने रीतसर विलंबित (संथ) तीनतालात पेशकार (सोलोची सावकाश सुरुवात) सुरू केला आणि चौथ्या आवर्तनाला (तालाच्या चौथ्या फेरीला) ‘ठीक आहे, पुढचे’ असं झालं. कायदा नाही, रेला नाही, सोलोतल्या पुढच्या कुठल्याच रचना नाहीत. बाहेरच्या पॅसेजमध्ये एका बाईंनी अर्जावर नजर टाकून सल्ला दिला, ‘भजनी मंडळातले गुरू लिहू नका हो, वजन कमी होतं.’ येताना बसमध्ये पोरगी तबल्याची बॅग मांडीवर घेऊन बसली होती, द्वारका येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तर मला हे विचारायचं आहे. अण्णांचं नाव कुठे आणि कसं लिहायचं? आणि १० मिनिटं मिळणार असतील तर सुरुवात कशाने करावी? पूर्ण सोलो तर पाऊण तासाचा बसवलाय. लहेऱ्याला (सोलोमागे सतत वाजणाऱ्या धुनेला) हार्मोनियमवाले काका सोबत न्यावेत की मोबाइलवरचा लहेरा चालेल? काकांचा जाण्यायेण्याचा खर्च आम्हालाच करावा लागेल. शिवाय पावसाळ्यात तिचा तबला रोज उतरतो (स्वर खाली जातो), मी शालीत गुंडाळून ठेवते तरीही. परगावी, एसी खोलीत तो कसा वागेल याचीच तिला जास्त धास्ती आहे.

पंचवटीकर:

ताई, प्रमाणपत्राचं आधी सांगतो, कारण माझ्या भाचीच्या वेळी (गायन) हाच पेच होता. सरांना खरंच लिहू दे: ‘अमुक महिन्यापासून माझ्याकडे शिकते, त्याआधी ओझर येथे कै. अमुक यांच्याकडे शिकत होती हे मला माहीत आहे.’ त्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सगळ्या परीक्षांची प्रमाणपत्रं जोडा, प्रारंभिकपासूनची. प्रत्येकावर साल असतं, त्यामुळे मूल किती वर्षं शिकतंय हे कागदच बोलतो. अण्णांच्या भजनी मंडळातल्या कोणा जाणत्याचं पत्र मिळालं तर तेही असू द्या. अर्ज पाठवण्याआधी सीसीआरटीला ईमेल करून हे असं चालेल का ते लेखी विचारून ठेवा.

आणि अण्णांचं नाव लिहाच. ज्या मंडळाच्या परीक्षा आपली मुलं देतात त्याचं मूळ पं. विष्णु दिगंबर पलुस्करांत आहे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकात राहिले, रामनाम आधार आश्रम काढून रामनामात रमले. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ उभं केलं. एवढा मोठा गवई शेवटी भजनाकडेच वळला होता. भजनी मंडळातल्या गुरूने वजन कमी होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

धाधातिट:

मी तबला शिकवतो, विद्यार्थ्यांसोबत अशा ऑडिशनांना अनेकदा गेलोय. १० मिनिटांबद्दल सविस्तर लिहितो.

आधी हिशोब करा. विलंबित लय मिनिटाला ४८ मात्रा धरली तर १६ मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन २० सेकंदांचं. चौथ्या आवर्तनाला थांबवलं म्हणजे दीड मिनिटही झालं नव्हतं. तेवढ्यात पेशकाराचं तोंड आणि दोन पलटे (तेच बोल फिरवून केलेले प्रकार) होतात. समोरच्यांनी काय ऐकलं असणार? बैठक आणि नाद, बस. मुलीचं चुकलं नाही, तिने मैफलीची रीत पाळली. ऑडिशनची रीत वेगळी असते, इतकंच.

लय ८० पर्यंत चढवा. आवर्तन १२ सेकंदांवर येतं. पेशकाराला दोन मिनिटं दिली तरी १० आवर्तनं मिळतात आणि त्यात हाताचा वजनदारपणा, डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा, सगळं दाखवता येतं. मग एकच कायदा. ‘धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना’ हा सगळ्यांना येतो म्हणून मुलं टाळतात. मी तर मुद्दाम हाच घ्यायला लावतो. साध्या कायद्यात पलट्यांचा विचार आणि बोटांची सफाई लपत नाही, आणि परीक्षकांनाही तेच बघायचं असतं. पुढे एक रेला, आणि शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा: आधी पढंत (बोल तोंडाने म्हणणं), मग तीच चीज हातातून.

आता महत्त्वाचं. प्रत्येक टप्पा तिहाईने (तीनदा घेतलेल्या तुकड्याने) समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मिटेल असा बसवा. म्हणजे कुठेही थांबवलं तरी ती अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटणार नाही. घरी असा रियाज करा: तिने वाजवायला घ्यायचं, तुम्ही मधेच कुठेही ‘बस’ म्हणायचं, आणि तिने दोन आवर्तनांच्या आत तिहाई घेऊन समेवर यायचं. तुम्हाला तबला कळण्याची गरज नाही, नुसतं ‘बस’ म्हणायचं. १० मिनिटांचा, ५ चा आणि २ चा असे तीन आराखडे तयार ठेवा. थांबवलं म्हणजे नापास असं नसतं. ऐकायचं ते ऐकून झालं म्हणूनही थांबवतात.

मधेच दुसऱ्या तालाचा ठेकाही विचारतात. झपताल, एकताल, रूपक पक्के हवेत. रूपकात सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, जिथे डग्गा घुमवायचा नसतो; घाईत मुलं तिथे डग्गा घुमवतात.

लहेरा: काकांसोबत महिनाभर रियाज झाला असेल तर न्या, माणूस लय सांभाळून घेतो. तसं नसेल तर मोबाइल बरा, मात्र छोटा स्पीकर आणि चार्जर बरोबर असू दे. दोन्हींची सवय ठेवा.

तबला: दमट हवेत पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो, कोरड्या हवेत आणि एसीत ती ताणली जाते आणि स्वर चढतो. नाशिकच्या पावसात गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून चढवलेला तबला तसाच कोरड्या गावी नेला तर पुडी फाटण्याची भीती असते. प्रवासाआधी गट्टे थोडे सैल करून स्वर उतरवून घ्या. तिथे पोचल्यावर बॅग उघडून तासभर खोलीची हवा लागू द्या, मगच हातोडी काढा, आणि आधी गजऱ्यावरून (पुडीच्या विणलेल्या कडेवरून) स्वर मिळवा. कोणाकडून दुसरा दाया उसना मिळाला तर बरोबर ठेवा.

अण्णा पखवाज वाजवायचे म्हणालात. त्यांच्याकडची एखादी खुल्या बोलांची परण (पखवाजाची रचना) तिला येते का? शेवटच्या दोन मिनिटांत ती घ्या. कोणाकडे शिकलात, हा प्रश्न येतोच. त्यानंतर ‘त्यांच्याकडचं काहीतरी ऐकवा’ हेही बऱ्याचदा येतं.

मेनरोडचा_बंड्या:

धागा चांगला चाललाय. जरा विषयांतर, धाकटा भाऊ नाटकवाला आहे, बारावी झाली. त्याला पुढे कुठे पाठवावं? दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) डोक्यात आहे.

पंचवटीकर:

एनएसडीला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही, म्हणजे आत्ताच नाही. बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बीए आहे, संगीत, नृत्य, नाट्य तिन्हीत. प्रवेशाला ऑडिशन असते. तोवर आपल्याकडच्या नाट्यगृहांत, कालिदासला किंवा सायखेडकरला, स्पर्धेची जी नाटकं होतात ती बॅकस्टेजला का होईना, पण करू दे. नाटकाचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

सुईदोरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना पंचवटीकरांचा मजकूर दाखवला. ते म्हणाले, असं असेल तर आनंदाने लिहीन, आणि लगेच लिहूनही दिलं. अण्णांच्या गावाचं आणि पखवाजाचंही त्यात लिहिलंय. रविवारी ओझरला जाऊन आलो. मंडळाच्या वहीत हजेरी ठेवायचे ते लोक. २०१६ च्या सप्ताहाच्या पानावर अण्णांच्या अक्षरात तिचं नाव सापडलं, पुढे ‘तबला (लहान)’ असं लिहिलेलं. त्या पानाची झेरॉक्स आणि मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र दोन्ही मिळालं. सीसीआरटीला ईमेलही केलाय.

धाधातिट सर, परण आहे. ‘धुमकिट’ने सुरू होणारी, अण्णांनी सप्ताहात बसवून घेतली होती. मधल्या काळात तिने ती वाजवायचीच सोडली होती, तबल्यावर बरी दिसत नाही म्हणून. परवा आत्ताच्या सरांना वाजवून दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी बोटं बदलून दिली, बाकी हात लावला नाही.

‘बस’चा खेळ रोज चालतो. मी मशीनवर असते, ती पलीकडे भिंतीला टेकून. पहिल्या दिवशी ‘बस’ म्हटलं की ती दचकून थांबायचीच. काल रेल्याच्या मधोमध म्हटलं, तर तिने मान वर न करता तिहाई घेतली आणि दुसऱ्या आवर्तनाला समेवर आली. माझा पाय मशीनवर तसाच राहिला.

आता एकच विचारायचं राहिलंय. पढंत करताना ती हाताने टाळी-खाली दाखवते, पण आवाज फार बारीक लागतो, मोठ्या खोलीत पोचणार नाही. पढंतीच्या आवाजासाठी काही वेगळा रियाज असतो का?