हॉलिडे मेंबरशिप घ्यावी की दरवर्षी हॉटेल बुक करावं? तुमचे अनुभव सांगा

एका सुट्टी-क्लबच्या २५ वर्षांच्या मेंबरशिपवरून सध्या आमच्या घरात चर्चा चालू आहे. वर्षाला क्लबच्या रिसॉर्टमध्ये ७ रात्री, स्टुडिओ खोली, ‘लाल’ हंगाम (क्लब वर्षाचे आठवडे असे रंगांत वाटतो), किंमत ५ लाखांच्या आसपास आणि वर दरवर्षीचं शुल्क. घरात दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. नवऱ्याचं म्हणणं, पैसे आधी भरलेले असले की सुट्टी टळत नाही. ते मला पटतंही, कारण आमचा मे महिना ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणता म्हणता सरतो. ज्यांनी मेंबरशिप घेतली, मनसोक्त वापरली, विकायला काढली किंवा हा धंदा आतून पाहिला, त्यांनी लिहावं. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, व्यवहार कसा झाला ते सांगा. (ठाणे)

सांगली, निवृत्त जोडपं

आम्ही समाधानी आहोत. नोकरीत असताना घेतली, पण खरा उपयोग आता होतोय. शाळेचं वेळापत्रक आडवं येत नाही, त्यामुळे ज्या आठवड्यात खोल्या रिकाम्या तो आठवडा आमचा. ऑगस्टमधलं कूर्ग फार सुंदर असतं, आणि तेव्हा बुकिंगसाठी झगडावं लागत नाही. २०१८ साली केरळातला पूर ओसरून रस्ते सुरू झाल्यावर मुन्नारला गेलो होतो. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी डोंगरउतारांवर अजून शिल्लक होती. ह्यांनी तिथे जे फोटो काढले ते दिवाणखान्यात लावलेत.

खोलीत छोटा ओटा आणि शेगडी असते, याचं मोल लोक धरत नाहीत. नात तान्ही असताना तिची पेज आणि आमचा मुगाच्या खिचडीचा कुकर तिथेच व्हायचा. रेस्टॉरंटमध्ये चौघांचं दोन्ही वेळचं जेवण घेतलं तर बिल दणदणीत येतं. आणि वार्षिक शुल्क वाढत जातं, ते गृहीत धरूनच चाला.

पुणे, शिक्षिका

मी आणि मुलं, सगळेच शाळेला बांधलेले. म्हणजे दिवाळी, नाताळ नाहीतर मे. नेमक्या याच आठवड्यांवर सगळ्या महाराष्ट्राचा डोळा असतो. बुकिंगची खिडकी उघडते त्या सकाळी लॉगिन करून बसायचं, तरी महाबळेश्वर आणि गणपतीपुळे आधी संपतात, कारण मुंबई-पुण्याहून गाडी काढली की पोचता येतं. उरतात ती लांबची ठिकाणं. ठिकाणं चांगलीच असतात हो, पण चौघांची विमानाची तिकिटं काढली की ‘राहणं फुकट’ या शब्दाला अर्थ राहत नाही. रेल्वेचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. रिसॉर्ट त्याच्या कितीतरी आधी पक्कं करावं लागतं. मग तिकीट वेटिंगला लटकलं की खोली रद्द करायची आणि आपल्या वाट्याच्या रात्री कापून घ्यायच्या.

तुमचा हंगाम ‘लाल’ आहे ना? मग दिवाळी आणि नाताळ त्यात बसतात का, ते आधी विचारा. काही क्लबांत हे आठवडे त्याहून वरच्या, ‘जांभळ्या’ हंगामात असतात. खालच्या रंगाच्या सभासदाला ते मिळालेच तर वरकड पैसे भरून, तेही जागा उरली तर.

नाशिक, निवृत्त बँक अधिकारी

विक्रेता ५ लाखांना १७५ रात्रींनी भागतो आणि ‘रात्र फक्त २,८५७ रुपयांना’ असं कागदावर लिहून दाखवतो. हा भागाकार अपुरा आहे. तेच ५ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवून, २५ वर्षांत मुद्दलासकट संपतील असे दरवर्षी समान हप्त्यात काढले, तर वर्षाला साधारण ४१ हजार हातात येतात. म्हणजे मेंबरशिपचा खरा वार्षिक खर्च तेवढा. त्यात वार्षिक शुल्क मिळवा. समजा ते २० हजार आहे, तर १८ टक्के जीएसटीसह २३,६०० झालं. बेरीज ६४,६००, भागिले ७, म्हणजे रात्रीला सव्वानऊ हजारांच्या आसपास. एखाद्या वर्षी पाचच रात्री वापरल्या आणि उरलेल्या बुडाल्या तर तेरा हजारांच्या जवळ.

आता तुम्ही एरवी कोणत्या दराच्या हॉटेलात उतरता ते पाहा. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्केच जीएसटी आहे. तुम्ही तीन-चार हजारांच्या स्वच्छ लॉजमध्ये खूश असाल तर हे गणित कधीच जुळणार नाही. दरवर्षी दहा-बारा हजारांच्या रिसॉर्टमध्ये, तेही गर्दीच्या आठवड्यात, जात असाल तर जुळू शकतं. माझं स्पष्ट मत आहे की कर्ज काढून किंवा ईएमआयवर मेंबरशिप घेऊ नये, कारण त्या व्याजापुढे वरचा आकडासुद्धा मागे पडतो.

आणखी एक. ‘सुट्टी वापरली नाही तर पैसे वाढवून परत देऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. तो सुट्टीचा व्यवहार राहत नाही. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने अशाच रूम-नाइट्स विकून पन्नास लाखांहून अधिक लोकांकडून सात हजार कोटींवर रक्कम गोळा केली होती. सेबीने ही परवानगी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. आपल्या गावोगावच्या किती घरांची पुंजी त्यात अडकली, ते मी काउंटरच्या या बाजूने पाहिलंय.

मुंबई, पूर्वी याच क्षेत्रात विक्री

मॉलमधल्या लकी ड्रॉचं कूपन, मग ‘भेटवस्तू लागली आहे, पती-पत्नी दोघांनी यावं’ असा फोन. दोघं का? एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून सुटतो. पहिला तासभर तुमच्या जुन्या सहलींबद्दल विचारतात, मुलांची नावं लक्षात ठेवतात. किंमत शेवटी येते. ती आधी चढी सांगायची, मग मॅनेजर येऊन ‘फक्त आजसाठी’ उतरवायची. ‘आजच’ यासाठी, की घरी गेल्यावर लोक शांतपणे हिशेब मांडतात, आणि मांडला की बहुतेक परत येत नाहीत.

तोंडी मिळालेलं प्रत्येक वचन फॉर्मवर लिहून मागा. पाहुण्यांना पाठवता येईल का, न वापरलेल्या रात्री किती वर्षं पुढे जातात, शुल्क कोणत्या सूत्राने वाढतं आणि रद्द करायला किती दिवसांची मुदत आहे. विक्रेत्याचा चेहरा तिथेच बदलला तर उत्तर मिळालं समजा.

न्यू जर्सी

इकडची तऱ्हा थोडी वेगळी. ऑर्लँडोला डिस्ने पाहायला गेलेल्या आपल्या मंडळींना स्वस्त तिकिटांच्या बदल्यात प्रेझेंटेशनला बसवतात. पुष्कळदा जे विकतात त्याला मुदतच नसते. दस्तऐवजाने रिसॉर्टमधला दरवर्षीचा एक आठवडा तुमच्या नावावर होतो आणि मेंटेनन्स फी आयुष्यभर चालू. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घेतलेला आठवडा आता कोणी एका डॉलरलाही घेईना, कारण घेणाऱ्याच्या गळ्यात ती फी पडते. वर ‘आम्ही तुम्हाला यातून सोडवतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणारे फोन येतात, त्यांच्यापासून फार सांभाळा. फ्लोरिडात सही केल्यापासून १० दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो. नुकतीच सही केलेलं कोणी हे वाचत असेल तर आजच पत्र पाठवा.

नागपूर, वकील

भारतात कराराच्या रद्द-मुदतीचं कलम आधी वाचा, दिवस मोजकेच असतात. ती मुदत गेली तरी, खोटी आश्वासनं दिली असतील किंवा वर्षानुवर्षं बुकिंगच मिळत नसेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. तुम्ही भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. करारातलं लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे न्यायचा) दाखवून कोणी घाबरवलं तर घाबरू नका. त्यामुळे ग्राहक मंचाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत यावं लागतं, आणि लोक चर्चेत ती दोन वर्षं घालवतात. ‘जागा नाही’ असं दाखवणारा प्रत्येक स्क्रीनशॉट आणि ईमेल जपून ठेवा. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही बोलता येतं.

डोंबिवली

मेव्हण्याच्या मेंबरशिपवर पाहुणे म्हणून राहून आलो. घ्यायच्या आधी ठाणेकरांनीही असंच एकदा राहून पाहावं. पोहण्याचा तलाव, मुलांचे कार्यक्रम सगळं छान, पण आमच्या आईला दोन दिवसांत कंटाळा आला. तिला देवळं बघायची होती आणि रिसॉर्ट गावापासून लांब. सासूबाईंना बरोबर घेऊन बोला.

ठाणे

सगळ्यांचे आभार, विशेषतः नाशिकच्या काकांचे. त्यांचा हिशेब रात्री नवऱ्यासमोर मांडला. आम्ही आजवर उतरलो त्या खोल्यांचे दर त्याच्याच ईमेलमधून काढले. एखाददुसरी सोडली तर सगळ्या पाच हजारांच्या आत. सासूबाई म्हणाल्या, त्यांना गाणगापूर आणि पंढरपूर करायचंय. विक्रेत्याला मी लेखी विचारलं की येत्या मे महिन्यात आमच्या रंगात आणि आमच्या खोलीच्या प्रकारात महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि गोव्यात कोणते आठवडे रिकामे आहेत. उत्तर म्हणून सवलतीची मुदत शनिवारी संपते, एवढाच फोन आला. आम्ही शनिवारी जाणार नाही. मे महिन्यासाठी गणपतीपुळ्याला साधं हॉटेल आजच बुक केलं आहे.