सिंगल डोअरला 'गरिबांचा फ्रीज' म्हणणाऱ्यांसाठी: छोट्या किचनला नक्की कोणता घ्यायचा?

दोन_खोल्या_डोंबिवली:
परवा इथेच एकाने लिहिलं की सिंगल डोअर हा गरिबांचा फ्रीज, आजच्या काळात तो घेणं म्हणजे पैसे वाया, किचन कितीही लहान असलं तरी सरळ ३०० लिटरच्या वरचा डबल डोअर घ्या, स्टार जास्त असले की वीज आपोआप वाचते. खाली लोकांनी धडाधड लाईक ठोकले. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

वीज आपोआप वाचते म्हणजे काय हो? स्टार त्या त्या प्रकारात आणि लिटरच्या हिशोबात देतात. डायरेक्ट कूलचं (बहुतेक सिंगल डोअर, साचलेला बर्फ आपणच वितळवायचा) कोष्टक वेगळं, फ्रॉस्ट फ्रीचं (बहुतेक डबल डोअर, बर्फ आपोआप वितळतो) वेगळं. त्यामुळे मोठ्या डबल डोअरचे चार स्टार आणि १९० लिटरवाल्या सिंगल डोअरचे तीन स्टार यांची तुलनाच होत नाही. बघायचा तो वर्षाला किती युनिट हा लेबलवर छापलेला आकडा, आणि तो शोरूममध्ये कोणी दाखवत नाही कारण सेल्समनला फक्त स्टार मोजायला शिकवलेलं असतं. फाइव्ह स्टार सिंगल डोअर साधारण सव्वाशे ते दीडशे युनिटमध्ये बसतो, २५०-२६० लिटरचा दोन-तीन स्टारवाला फ्रॉस्ट फ्री दोनशेच्या आसपास किंवा पुढे जातो. दुसरं, लेबलवर मुदत लिहिलेली असते ती वाचा. स्टार ठरवणाऱ्या सरकारी ऊर्जा ब्यूरोने (बीईई) २०२० ला कोष्टक कडक केलं, २०२३ ला परत केलं, त्यामुळे सेलमध्ये स्वस्तात निघालेला जुना फाइव्ह स्टार आजच्या हिशोबात खालीच येतो.

आणि जागा? आमचं किचन साडेसहा बाय आठ. ओट्याच्या कडेला फ्रीजला दोन फूट. मोठ्या फ्रीजचं दार उघडलं की गॅससमोर उभं असलेल्या माणसाला हॉलमध्ये यावं लागतं. तिघांच्या घराला २०० लिटर भरपूर होतात.

संध्याकाळची_कर्जत_लोकल:
युनिटचं पटलं. पण दादा एक विचारते, तो सिंगल डोअर डिफ्रॉस्ट कोण करतं तुमच्याकडे? रात्री बटण दाबायचं, सकाळी ट्रेमधलं पाणी काढायचं, भाजीच्या कप्प्यात साचलेलं पुसायचं, आणि एखादा आठवडा विसरलं की बर्फाचा असा डोंगर होतो की आतलं झाकण पण लागत नाही. आमच्या घरी हे आईने जन्मभर केलं, नंतर मी केलं. एकदा घाईत बर्फ सुरीने खरवडायला गेले तर भोक पडून फ्रीजमधला थंडाव्याचा गॅस गेला. तो खर्च तुमच्या सव्वाशे युनिटमध्ये कुठे धरलाय?

दोन_खोल्या_डोंबिवली:
ताई सुरी लावू नका हे तर मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. आणि आमच्याकडे मीच करतो डिफ्रॉस्ट, रविवारी.

संध्याकाळची_कर्जत_लोकल:
मग तुमच्या घरचं नशीब चांगलं. बाकीच्या घरांत काय चालतं ते विचारा आणि मग सिंगल डोअरची शिफारस करा.

कांदेपोहे_रोज:
सगळे युनिट युनिट करताय पण स्लॅबचं, म्हणजे बिलातल्या दराच्या टप्प्यांचं कोणी बोलत नाही. महावितरणचं १०० च्या वर गेलं की अख्खं बिल वरच्या दराने लागतं. म्हणजे फ्रीजचे पाच-सात युनिट जास्त झाले आणि ९७ चे १०३ झाले तर बिल दुप्पट. म्हणून मी म्हणतो छोटाच घ्या.

फ्रीजवाला_पुणे:
अख्खं बिल नाही लागत हो, हा गैरसमज घराघरात आहे. पहिले १०० खालच्याच दराने, त्यावरचे जेवढे असतील तेवढेच १०१ ते ३०० च्या दराने. १०३ झाले तर तीनच युनिट महाग. मात्र वरचा दर खालच्याच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे ज्यांचं बिल एरवीच दीडशे-दोनशे युनिटचं येतं त्यांनी फ्रीजची बचत वरच्या दरानेच धरायची, कारण वाचतात ते वरचेच युनिट. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून हिशोबापुरते युनिटला बारा रुपये पकडा, नेमका दर बिलावर बघा. दोन मॉडेलमध्ये ७० युनिटचा फरक असेल तर वर्षाला आठशे-साडेआठशे रुपये. आता दुकानदार स्टार वाढवण्याचे चार हजार मागत असेल तर पाच वर्षांत सुटतात, आणि फ्रीज दहा वर्षं तरी चालतो. एवढं सरळ गणित आहे.

मी दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून सांगतो, लोक स्टार बघून घेतात आणि मग घरी नेऊन तोच फ्रीज गुदमरवतात. हल्ली बऱ्याच मॉडेलना मागे काळी जाळी नसते, ती नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून फ्रीजच्या कडा गरम लागतात. अशा फ्रीजला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला धान्याचे डबे खेटून लावलेले असतात, वरून कापडाचं कव्हर. उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर बंदच होत नाही मग. छोट्या किचनमध्ये लिटर ठरवायच्या आधी दोन्ही बाजूंना आणि मागे मॅन्युअलमध्ये लिहिलीय तेवढी जागा सोडून काय उरतं ते मोजा. गॅसच्या शेगडीला चिकटून तर अजिबात नको.

जुना_ठाणेकर:
मी निवृत्त माणूस, जरा वेगळं बोलतो. मुळात एवढा फ्रीज लागतोच कशाला? आमच्या चाळीत एकाच घरी फ्रीज होता, बाकी सगळे रोज ताजी भाजी आणायचे, दूध दोन वेळा यायचं, उरलंच तर सकाळी फोडणीचा भात. हल्ली रविवारी आठवड्याच्या भाज्या चिरून ठेवतात, कणीक तीन दिवसांची, वाटणं पंधरा दिवसांची. वीज वाचवायची असेल तर आधी सवय बदला, फ्रीज आपोआप लहान होईल.

संध्याकाळची_कर्जत_लोकल:
काका, तुमच्या चाळीत रोज ताजी भाजी आणायचं कोण आणि निवडायचं कोण हे एकदा आठवून बघा. मी सकाळी सहाला घर सोडते, परत येते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. स्टेशनबाहेर त्या वेळेला उरलेली मेथी कशी असते ते या बघायला. रविवारी मी दोन नारळ खवून डबा फ्रीझरमध्ये टाकते, आलं-लसूण वाटून ठेवते, हिवाळ्यात मटार सोलून भरते, म्हणून आठवडाभर घरात गरम जेवण होतं. त्याला शिळं म्हणायचं असेल तर म्हणा.

जुना_ठाणेकर:
मी कोणाच्या कष्टांना नावं ठेवली नाहीत. अन्नाबद्दल बोललो. तीन दिवसांची कणीक काळी पडते हे तर खरं ना?

सुगरण_पण_नोकरी:
काळी पडते हो, म्हणून मी एकाच दिवसाची ठेवते, वरून तेलाचा हात लावून घट्ट डब्यात. पण ताजं ताजं करणाऱ्या घरांत मी काय बघितलंय सांगू? दुपारचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि रात्री तोच वाढायचा, आणि वर म्हणायचं आम्ही फ्रीजचं खात नाही. शिजवलेला भात बाहेर तासन् तास ठेवणं हे फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा जास्त वाईट. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, पसरून गार करून. आमच्याकडे सासरे असेच हट्टाने बाहेरचा भात खायचे, एका उन्हाळ्यात रात्रभर उलट्या झाल्या, त्यानंतर घरात ती चर्चा कायमची बंद.

जुना_ठाणेकर:
भाताचं मान्य. मटाराचं नाही. सीझन नसताना मटार खायचाच कशाला?

मालवणी_मसाला:
मटार सोडा, माशांचं कोणी बोलेल का? आमच्याकडे श्रावण संपला की नंतर जी सुरमई मिळते ती थोडी साफ करून फ्रीझरमध्ये जातेच. सिंगल डोअरमधला तो कप्पा फ्रीझर म्हणायच्या लायकीचा नाही, उन्हाळ्यात आईस्क्रीमसुद्धा घट्ट राहत नाही त्यात. मासे ठेवायचे तर उणे १८ लागतं, ते डबल डोअरमध्येच नीट मिळतं. पण फ्रॉस्ट फ्रीची एक भानगड आहे, आत पंखा असतो आणि पुष्कळ मॉडेलमध्ये तीच हवा वर-खाली फिरते. डबा सैल असला तर सायीच्या भांड्याला वास आलाच समजा. कढवलेल्या तुपाला सुद्धा येतो. आईने त्यावरून जे रामायण केलं होतं ते मी विसरणार नाही.

सुगरण_पण_नोकरी:
म्हणून तर साय आणि मासे एका फ्रीजमध्ये नकोच. 

मालवणी_मसाला:
म्हणजे आता दोन फ्रीज घेऊ? किचन साडेसहा बाय आठ आहे असं वर लिहिलंय. घट्ट झाकणाचे डबे घ्या, प्रश्न मिटला. मासे खाणाऱ्यांनीच नेहमी जागा करून द्यायची का?

सुगरण_पण_नोकरी:
मी असं कुठे म्हटलं? साय दोन दिवसांत विरजते हो आमच्याकडे, तुमच्या वासाला घाबरून फ्रीज बदलायला मी रिकामी नाही. तुम्ही उगाच अंगावर घेताय.

वऱ्हाडी_ऊन:
तुम्ही मुंबई-पुणेवाले भांडत बसा, आमच्या अकोल्याला मे महिन्यात ४५ होते आणि त्यातच लाईट जाते. आमच्या घरी डायरेक्ट कूल आहे अन् तोच बरा. लाईट गेली की आतला बर्फ बराच वेळ थंडावा धरून ठेवतो, दूध फाटत नाही. दार मात्र उघडायचं नाही. मामाकडे फ्रॉस्ट फ्री आहे, तिथं लाईट गेली की भाजीच्या कप्प्यातला गारवा लवकर जाते. लेबलवरचा आकडा दार बंद ठेवून काढलेला असते, घरी पोरं पाच मिनिटाला दार उघडते. त्याच्यामुळं तुमच्या सव्वाशेचे दीडशे-पावणेदोनशे धरून चाला.

फ्रीजवाला_पुणे:
बरोबर, पण बर्फाचा थर जाड होऊ दिला तर तोच आडवा येतो. थोडा बर्फ थंडावा धरतो, जाड थर झाला की गॅसची थंडी आतल्या सामानापर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त चालतो. म्हणजे डिफ्रॉस्ट न करणाऱ्याने डायरेक्ट कूल घेतला तर लेबलवरची बचत त्या बर्फातच जाते. फ्रॉस्ट फ्रीत हे काम आतला हीटर करतो, त्यासाठी आणि पंख्यासाठी वीज जास्त जाते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तो सारखा चालू-बंद न होता हळू चालत राहतो, आवाज कमी, युनिट पण कमी. हॉलमध्ये फ्रीज ठेवावा लागतो त्या घरांनी तरी तोच घ्यावा, रात्री झोप लागते.

लंडनची_थंडी:
मी इथे स्टुडिओ फ्लॅटमध्ये राहते, किचन तुमच्यापेक्षा लहान, ओट्याखाली बसणारा फ्रीज आहे. युरोपात २०२१ च्या मार्चमध्ये लेबलं बदलली, ए-प्लस-प्लस-प्लस गेलं आणि ए ते जी आलं, कालचा भारी फ्रीज एका रात्रीत खालच्या अक्षरावर. तेव्हा लोकांना वाटलं कंपन्यांनी फसवलं. फ्रीज तोच होता, पट्टी कडक झाली. म्हणून मी पण म्हणते, युनिटचा आकडा बघा. आणि इथल्यासारखा छोटा फ्रीज घ्या, आठवड्यातून दोनदा दुकानात जा.

संध्याकाळची_कर्जत_लोकल:
आठवड्यातून दोनदा दुकानात जायला तुमच्याकडे किती वाजता घरी पोचता ते पण लिहा. सगळ्यांचा सल्ला एकच, बाईने अजून एक फेरी मारायची. लहान फ्रीजची वीज वाचते आणि ती आमच्या पायातून जाते.

दोन_खोल्या_डोंबिवली:
ताई, तुम्ही माझ्या मुद्द्याचं भलतीकडे नेताय. मी ३०० लिटरला विरोध केला होता, फ्रीझरला नाही.

संध्याकाळची_कर्जत_लोकल:
तुम्ही '२०० लिटर भरपूर होतात' असं लिहिलंय. वर जाऊन वाचा. माझं मागणं साधं आहे, बर्फ काढायला न लावणारा, नारळ-मटार-मासे नीट ठेवणारा आणि माझ्या दोन फुटांच्या जागेत बसणारा. ३०० लिटर मला पण नकोय.

फ्रीजवाला_पुणे:
मग २३५ ते २६० लिटरमधला फ्रॉस्ट फ्री बघा. रुंदीला तो सिंगल डोअरपेक्षा फार मोठा नसतो, उंचीत वाढतो, त्यामुळे वरच्या कपाटाचं दार आपटत नाही ना ते बघा. फ्रीजचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते ओट्यासमोर उभं राहून ठरवा, भिंतीकडे बिजागरी आली आणि दार पूर्ण उघडलं नाही तर भाजीचा ड्रॉवर बाहेरच येत नाही, हे फोन मला दर दिवाळीनंतर येतात. आणि मेहेरबानी करून जुना फ्रीज गॅलरीत 'थंड पाण्यापुरता' चालू ठेवू नका. नव्याने वाचवलेलं सगळं तो खातो.

दोन_खोल्या_डोंबिवली:
ठीक आहे. ज्या घरात डिफ्रॉस्ट एकाच माणसाच्या गळ्यात पडतं तिथे २४० चा फ्रॉस्ट फ्री घ्या, युनिटचे जास्तीचे पैसे जाऊ देत. पण ज्या पोस्टवरून मी सुरुवात केली ती चूकच आहे, ३०० लिटरने छोट्या घराची वीज वाचत नाही. आणि आमच्या घरी सिंगल डोअरच राहणार.

जुना_ठाणेकर:
सुनेला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते उद्या दुकानात मोजपट्टी घेऊन जाऊ. रोजची भाजी मी आणीन म्हटलं आहे, तेव्हा फ्रीज लहान घ्यावा हे माझं मत कायम आहे.

संध्याकाळची_कर्जत_लोकल:
भाजी आणाल ते छान, काका. निवडून, धुऊन, चिरून पण ठेवा आणि मग लिटर तुम्ही ठरवा.